व्हिएतनामच्या फँटमचे चार रंग: मिस्टर कलर ३०३, ३०९, ३१० आणि ३११ वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. अमेरिकन एअर फोर्सच्या एफ-४सी किंवा एफ-४डी फँटम या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या हिरव्या-मातकट कॅमोफ्लाजमधे करायचं असेल आणि घरी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनाएवढं यंत्र) असेल तर जीएसआय क्रिऑस या जपानी कंपनीच्या मिस्टर कलर लॅकरमधल्या (पटकन सुकणारा, उग्र थिनरमधला रंग) चार बाटल्या घ्या, सी३१० टॅन, सी३०३ मधला हिरवा, सी३०९ गडद हिरवा आणि पोटासाठी सी३११ फिकट राखाडी. चारही एकदम घ्या, एकाच कंपनीच्या घ्या. दोन या कंपनीच्या, एक त्या कंपनीची, एक मित्राकडे पडलेली असं करू नका, का ते खाली लिहितो आणि मला वाटतं या सगळ्यात तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. एअरब्रश नसेल तर तामिया या दुसऱ्या जपानी कंपनीचे एएस स्प्रे कॅन आहेत, त्यावरही लिहिलंय.

आता थोडं मुळापासून. फँटमच्या या रंगसंगतीचं भाग्य असं की तिचे आकडे पक्के आहेत. अमेरिकन सरकारचं फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाचं रंगांचं प्रमाण होतं, १९५६ पासूनचं, २०१७ मधे ते एएमएस-एसटीडी-५९५ झालं, पण मॉडेलवाले अजूनही एफएसच म्हणतात. त्यात प्रत्येक रंगाला पाच आकडी नंबर. पहिला आकडा चमक सांगतो, १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट चमक, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचं घराणं, ० तपकिरी, ४ हिरवा, ५ निळा, ६ राखाडी वगैरे. आणि शेवटचे तीन आकडे ढोबळमानाने तो रंग किती उजेड परत फेकतो त्या क्रमाने लावलेत, म्हणजे आकडा जितका मोठा तितका रंग उजळ. आता फँटमचे चार नंबर बघा, गडद हिरवा ३४०७९, मधला हिरवा ३४१०२, टॅन ३०२१९ आणि पोट ३६६२२. नुसते शेवटचे तीन आकडे वाचा, ७९, १०२, २१९, ६२२. दोन हिरव्यांमधे अंतर किती कमी आहे आणि टॅन त्यांच्यापासून किती वर आहे आणि पोट तर पार वेगळ्याच टोकाला, हे बाटली न उघडता कळतं. किटबरोबर आलेल्या कागदावर जेव्हा कंपनी आपल्याच रेंजमधला 'जवळचा' हिरवा सुचवते तेव्हा हे आकडे डोळ्यासमोर ठेवून बघा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

मिस्टर कलरची ३०० पासूनची मालिका मला आवडते ती यासाठीच, की बाटलीवर एफएस नंबर छापलेला असतो. ३०३ वर ३४१०२, ३०९ वर ३४०७९, ३१० वर ३०२१९, ३११ वर ३६६२२. 'डार्क ग्रीन' 'ऑलिव्ह' असल्या नावांवर विसंबून खरेदी करणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं, कारण डार्क ग्रीन नावाचा रंग ब्रिटिशांचाही आहे, जर्मनांचाही आहे, जपान्यांचाही आहे आणि चौघांचे चार वेगळे. नाव विसरा, नंबर वाचा.

आणि आता तो मुख्य मुद्दा. आपण सगळे एकेक रंग बरोबर आहे का यावर तासन्तास वाद घालतो, ३४१०२ थोडा पिवळट हवा की नको, ३०२१९ मधे लाल किती, पण टेबलावर ठेवलेलं मॉडेल बघणारा माणूस एकेक रंग बघत नाही, तो वरच्या बाजूचे तीन रंग एकमेकांशेजारी बघतो. त्या कॅमोफ्लाजचा सगळा खेळ या तिघांच्या आपसातल्या फरकावर आहे. दोन हिरवे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की लांबून जवळजवळ एक वाटतात आणि जवळ आल्यावर फुटतात, आणि टॅन दोघांपासून स्पष्ट सुटा. हे प्रमाण जुळलं की मॉडेल फँटमसारखं दिसतं, मग प्रत्येक रंग एक-दोन पायऱ्या इकडेतिकडे असला तरी चालतं. आणि हे प्रमाण बिघडलं तर तीनपैकी दोन रंग तंतोतंत असूनही काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं, नेमकं काय ते कळत नाही. वेगवेगळ्या कंपन्या रंग जुळवताना वेगवेगळा हात ठेवतात, एकीचं सगळं जरा उजळ असतं, एकीचं जरा गडद, कोणी कोऱ्या रंगाच्या पट्टीवरून जुळवतं तर कोणी उडून फिकट झालेल्या विमानाचा विचार करून. एकाच कंपनीचे चारही घेतले की निदान चौघांवर एकच हात फिरलेला असतो. म्हणून म्हटलं मिसळामिसळ नको.

बरं, आता बाटल्या उघडून. १० मिलीची काचेची बाटली, झाकण घट्ट, तळाशी रंगद्रव्य बसलेलं असतं त्यामुळे नुसती हलवून भागत नाही, आइस्क्रीमच्या काडीने किंवा स्टीलच्या पळीने तळ खरवडून ढवळायचं. ३०९ च्या तळाशी काळपट निळसर थर आणि ३१० च्या तळाशी विटकरी थर बसलेला दिसतो, तो वर आल्याशिवाय रंग खरा दिसत नाही, हे नीट केलं नाही तर तीच बाटली पहिल्या दिवशी एक रंग देते आणि शेवटच्या दिवशी दुसरा. पातळ करायला त्यांचाच लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात सुकणं थोडं लांबवणारं द्रव्य असतं त्यामुळे रंग पसरून सपाट बसतो आणि हवेतच सुकून खरखरीत होत नाही. एकास एक ते एकास दीड, बारीक कडा मारताना एकास दोन. एअरब्रशला ०.३ मिलीमीटरची सुई, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय. फँटम १/४८ मधे, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या मापात, साधारण ३७ सेंटीमीटर लांब होतं, म्हणजे लहान नाही, तरी प्रत्येक रंगाची एक बाटली पुरते, कारण १० मिलीचे पातळ करून वीस-पंचवीस मिली होतात आणि लॅकरचे थर अगदी पातळ लागतात. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा, बुजत नाहीत, रिव्हेट बुजत नाहीत, हा लॅकरचा मोठा फायदा.

एकेक रंग सांगतो. ३११ म्हणजे पोटाचा, बाटलीत बघून लोक म्हणतात हा तर पांढराच आहे. तो पांढरा नाही, फिकट राखाडी आहे आणि त्यात किंचित ऊब आहे, निळसरपणा नाही. हे महत्त्वाचं, कारण घरात पडलेला कुठलाही फिकट राखाडी चालेल म्हणून लोक निळसर राखाडी मारतात आणि मग विमान नेव्हीचं वाटायला लागतं. ३११ राखाडी प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) मारला तर थोडा मळका येतो, मला तो तसाच आवडतो. ३१० टॅन, ही चौघांतली माझी सगळ्यात आवडती बाटली, ताज्या रंगवलेल्या विमानाचा टॅन, तपकिरीकडे झुकणारा, वाळूसारखा पिवळा अजिबात नाही. व्हिएतनामच्या फँटमवर वाळवंटातला पिवळा मारलेली मॉडेल्स दिसतात तेव्हा जीव हळहळतो, कारण बाकी काम सुंदर असतं. ३०३ हा शेवाळी हिरवा, त्यात पिवळा आहे, थोडी खाकीची झाक आहे, आणि ३०९ च्या शेजारी ठेवला तरच त्याचा स्वभाव कळतो. ३०९ गडद, सावलीत काळपट, उन्हात खोल हिरवा. १/४८ मधे तो मॅट क्लिअर मारेपर्यंत फार गडद वाटतो, घाबरून त्यात पांढरा मिसळू नका, मॅट कोट झाल्यावर एक पायरी आपोआप वर येतो. चारही रंग सुकल्यावर हलकी चमक ठेवतात, पूर्ण मॅट नाहीत, त्यामुळे डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या खुणांच्या स्टिकरच्या) आधी ग्लॉस कोटाचा एक थर कमी लागतो, पण निर्णय मात्र शेवटच्या मॅट कोटनंतरच द्यायचा. ग्लॉसवर सगळे रंग गडद आणि भरलेले दिसतात, मॅटवर फिकट.

उजेडाचं पण बघा. दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळतात आणि खिडकीत नेल्यावर जुळत नाहीत, कारण वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेला 'एकच' रंग वेगवेगळ्या उजेडात वेगळा वागतो. टॅनच्या बाबतीत हे फार होतं, पिवळ्या बल्बखाली ३१० नारिंगीकडे जातो आणि स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली मेलेला दिसतो. माझी पद्धत अशी की प्लास्टिकचे चमचे घ्यायचे, तोच प्रायमर मारायचा जो मॉडेलवर मारणार, त्यावर रंग, अर्ध्या चमच्यावर ग्लॉस आणि अर्ध्यावर मॅट, मागे मार्करने नंबर आणि थिनरचं प्रमाण लिहायचं. मग हे चमचे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खिडकीत, थेट उन्हात नाही, सावलीत शेजारी शेजारी धरायचे. चमचाच का, तर त्याला फुगवटा आहे, विमानालाही आहे, सपाट कार्डावर रंग वेगळा दिसतो.

फोटोंचा आधार घ्यायचाच, पण रंग ठरवायला नाही. फोटो बघायचे ते पट्ट्यांचा आकार, झिजलेल्या जागा, कुठला भाग फिकट पडलाय, कुठे नव्या रंगाचं ठिगळ आहे यासाठी. साठ वर्षांपूर्वीची फिल्म, मग ती कोणीतरी स्कॅन केलेली, मग कोणीतरी रंग 'सुधारलेले', मग आपल्या मोबाईलची स्क्रीन, इतक्या हातातून आलेल्या चित्रावरून ३४१०२ बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार. एकाच विमानाच्या दोन फोटोंत टॅन एकदा गुलाबी आणि एकदा शेणासारखा दिसतो. इंटरनेटवर एफएस नंबरांचे जे स्क्रीनचे कोड मिळतात तेही असेच, प्रत्येक ठिकाणी वेगळे. म्युझियमचं विमान हाही पुरावा नाही. अमेरिकन वैमानिक रॉबिन ओल्ड्सचं 'स्कॅट २७', म्हणजे ६४-०८२९ नंबरचं एफ-४सी, ज्यातून त्यांनी २० मे १९६७ ला दोन मिग-१७ पाडली, ते डेटनच्या एअर फोर्स म्युझियममधे ठेवलंय आणि त्याचे सुंदर फोटो मिळतात, पण ते प्रदर्शनासाठी रंगवलेलं विमान आहे, १९६७ मधे थायलंडमधल्या उबोन तळाच्या धावपट्टीवर उभं होतं तेव्हाचा रंग तो नाही. आकारासाठी, बारकाव्यांसाठी, डिकल कुठे लावायचे यासाठी ते फोटो सोन्यासारखे आहेत, रंगासाठी नंबरच.

उबोनचा विषय निघालाच आहे तर, ही विमानं मुळात अशा रंगात आलीच नव्हती. एअर फोर्सचं एफ-४सी सुरुवातीला नेव्हीसारखंच वरून राखाडी आणि खालून पांढरं यायचं, एफएस १६४४० आणि १७८७५, दोन्ही चकचकीत. थायलंडच्या तळांवरून युद्ध तापायला लागल्यावर १९६५-६६ च्या सुमाराला हिरव्या-मातकट रंगात रंगवणं सुरू झालं. २ जानेवारी १९६७ च्या ऑपरेशन बोलो या हवाई मोहिमेत ओल्ड्सच्या ८ व्या टॅक्टिकल फायटर विंगची जी फँटम होती ती याच रंगात. म्हणजे तुम्ही कुठल्या वर्षाचं विमान करताय ते आधी ठरवा आणि मग बाटल्या घ्या, उलट नाही. पुढे पोटही वरच्याच रंगांनी गुंडाळायला लागले, तिथे ३११ लागतच नाही, आणि त्याही पुढे युरोपसाठीची हिरवी-काळपट राखाडी रंगसंगती आली, तिच्यात टॅन नाही आणि ३४०९२ हा निळसर झाक असलेला वेगळाच हिरवा आहे.

त्या ३४०९२ वरून एक गाऱ्हाणं. मिस्टर कलरमधे ३४०९२ चा नंबर आहे सी३०२, आणि आपल्याला हवा तो सी३०३. मी जिथून मागवलं त्या ऑनलाइन दुकानाने ३०३ ऐवजी ३०२ पाठवला, बिलावर ३०३, डब्यात ३०२, आणि फोन केला तर म्हणे साहेब हिरवाच आहे ना. परत घ्यायला चार दिवस भांडावं लागलं. बाटलीवरचा नंबर सील फोडायच्या आधी वाचा, दोन्ही बाटल्या बाहेरून जवळपास सारख्या दिसतात आणि ३०२ मारला तर टॅनच्या शेजारी निळसर हिरवा येतो, जो व्हिएतनामच्या फँटमवर कधीच नव्हता.

खरेदीचं अजून एक. लॅकर ज्वलनशील असल्यामुळे विमानाने पार्सल येत नाही, परदेशातून मागवायचा विचार सोडा, इथे जे दुकानदार जहाजाने आणतात त्यांच्याकडेच बघा. साठा येतो आणि संपतो, त्यात ३०३ आणि ३१० आधी संपतात, त्यामुळे चारपैकी तीन मिळाले म्हणून घेऊन चौथ्याची वाट बघत बसण्यापेक्षा चारही असतील तेव्हाच घ्या. मी घेतल्या तेव्हा एक बाटली दोनशे ते तीनशेच्या मधे पडली, आणि लेव्हलिंग थिनरची मोठी बाटली वेगळी, पण थिनरवर काटकसर करू नका. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम आहे, रंगात घालायला नको, तो प्लास्टिकवर तिखट पडतो आणि प्रत्येक डब्यात काय असेल सांगता येत नाही.

वासाबद्दल स्पष्ट लिहितो. हा लॅकर आहे, वास उग्र आहे आणि तो नुसता वास नाही, फुफ्फुसात जाऊ नये असं काहीतरी आहे. ऑरगॅनिक व्हेपरचे फिल्टर असलेला मास्क लागतो, साधा कापडी किंवा धुळीचा मास्क कामाचा नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा, खिडकी उघडी, जवळ देवघर किंवा गॅस पेटलेला नको. घरात लहान मूल असेल किंवा बंद खोलीतच काम करावं लागत असेल तर हे विसरा आणि त्याच कंपनीची अ‍ॅक्वियस मालिका घ्या, नंबर तेच, फक्त सी ऐवजी एच, एच३०३, एच३०९, एच३१०, एच३११. रंग जवळजवळ तेच, वास कितीतरी कमी, सुकायला जास्त वेळ, म्हणजे मास्किंग टेप लावायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. लॅकरवर तास-दीड तासात टेप लावता येते, माझ्यासारख्या फक्त रविवारी वेळ मिळणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत, अगदी पुण्यातही जुलै-ऑगस्टमधे लॅकर मारला की पृष्ठभागावर पांढुरकी साय येते, कारण थिनर पटकन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. गडद हिरव्यावर तर लगेच दिसतं. लेव्हलिंग थिनरमुळे हे कमी होतं, पूर्ण थांबत नाही. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आणि धो-धो पाऊस चालू असताना रंगकाम करायचंच नाही, तोवर कॉकपिट करा, चाकं करा, डिकल कापून ठेवा. आलीच साय तर नुसता लेव्हलिंग थिनर लांबून हलकेच फवारला की बऱ्याचदा निघून जाते.

आता दुसरे पर्याय. तामियाचे एएस स्प्रे कॅन खास विमानांसाठीच आहेत आणि यात फँटमचे चारही रंग आहेत, एएस-१३ हिरवा, एएस-१४ ऑलिव्ह ग्रीन, एएस-१५ टॅन, एएस-१६ फिकट राखाडी. फवारा अतिशय बारीक आणि एकसारखा, रंगांचं आपसातलं नातं उत्तम, कॅनमधून थेट मारला तरी थर जाड होत नाही. अडचण एकच, पट्ट्यांची कडा. कॅनने मऊ कडा हातानं येत नाही, कागदाचं मास्क थोडं उचलून धरावं लागतं. १/७२ ला मी तर म्हणेन कॅनच बरे, कारण त्या आकाराला कडा जवळजवळ कडकच दिसायला हव्यात. एअरब्रश असून तामियाचेच रंग आवडत असतील तर कॅनमधला रंग बाटलीत काढून वापरता येतो, मात्र काढल्यावर झाकण उघडं ठेवून गॅस पूर्ण निघू द्या.

ब्रशने रंगवणाऱ्यांसाठी हम्ब्रॉलचे एनॅमल, ११६ गडद हिरवा, ११७ मधला हिरवा, ११८ टॅन आणि २८ पोटासाठी. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी कितीतरी फँटम याच छोट्या डब्यांतून रंगवली आहेत. सावकाश सुकतो पण ब्रशच्या रेघा स्वतःच मिटतात, ब्रशला याच्याइतका दयाळू रंग मी पाहिला नाही. पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक, वायेहो वगैरे, त्यांचेही सेट मिळतात आणि घरात वापरायला सगळ्यात सोपे, फक्त पाण्यावरचा कुठलाही अ‍ॅक्रिलिक प्रायमरशिवाय प्लास्टिकला नीट धरत नाही आणि एवढ्या मास्किंगच्या कामात टेपबरोबर निघून यायचा धोका राहतो, त्यामुळे तीन रंगांच्या कॅमोफ्लाजसाठी माझी पसंती तिकडे नाही. एकरंगी राखाडी विमान असतं तर खुशाल घेतले असते.

पट्ट्या मारण्याबद्दल, कारण रंग कितीही अचूक असला तरी कडा चुकली तर रंगही चुकीचा वाटतो. आधी पोट, ३११, ते झाकलं की वर सगळीकडे ३१०, मग ३०३, शेवटी ३०९. फिकटाकडून गडदाकडे. किटच्या कागदावरचं चित्र झेरॉक्सवाल्याकडे नेऊन मोठं करून घ्यायचं, हिशोब सोपा, फँटमचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.७ मीटर, म्हणजे १/४८ ला २४.४ सेंटीमीटर, चित्रात जर पंख १२.२ सेंटीमीटर दिसत असतील तर २०० टक्के झेरॉक्स काढा. त्याचे तुकडे कापून मागे ब्लू टॅकच्या (मऊ चिकट लांबीच्या) बारीक वळ्या लावून मॉडेलपासून एखादा मिलीमीटर वर बसवायचे. एअरब्रश काटकोनात धरायचा, तिरका धरला की रंग मास्कखाली घुसतो आणि धुरकट कडा येते. खऱ्या विमानावर ही कडा बंदुकीने हातानेच मारलेली असायची, दोन इंच पसरली असं धरलं तरी १/४८ ला ती फक्त एक मिलीमीटर होते. कितीतरी मॉडेलवर मी चार-पाच मिलीमीटरची धुकट कडा बघतो, म्हणजे खऱ्या विमानावर वीतभर, तसं नव्हतं. नमुना ठरलेला होता पण रंगवणारी माणसं होती, त्यामुळे कुठलीच दोन विमानं तंतोतंत सारखी नाहीत, एखादी वळी दोन मिलीमीटर सरकली म्हणून जीव टांगणीला लावू नका.

लहान आकाराच्या मॉडेलवर रंग फिकट करावा असा एक पंथ आहे, लांबून वस्तू फिकट दिसते म्हणून. मी बाटलीतला रंग तसाच मारतो आणि मग प्रत्येक रंगात थोडा टॅन किंवा फिकट राखाडी घालून, खूप पातळ करून, पॅनलच्या मधोमध ढगासारखा फवारतो. पांढरा घालत नाही, हिरव्यात पांढरा घातला की तो पुदिन्याच्या चटणीसारखा होतो. थायलंडचं ऊन आणि पाऊस खाल्लेल्या विमानांवर टॅन आधी उडायचा आणि त्यावर मधेच ताज्या हिरव्याचं ठिगळ दिसायचं, ते ठिगळ बाटलीतल्या कोऱ्या ३०३ ने मारलं की सुंदर उठून दिसतं. मूळ रंग नंबरप्रमाणे खाली असेल तरच या सगळ्याला अर्थ आहे, कारण फिकट व्हायला सुरुवात कुठून झाली ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

बाकीचं पटकन. कॉकपिटला सी३१७, म्हणजे एफएस ३६२३१ राखाडी, चाकांच्या खोबणी आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या आत सी३१६ पांढरा, तो चकचकीत आहे. शेपटीखाली इंजिनच्या मागच्या तोंडाभोवतीचा भाग रंगवलेला नाही, उघडा धातू आहे आणि उष्णतेने करपलेला आहे, तिथे कॅमोफ्लाज ओढू नका, धातूचे दोन-तीन वेगवेगळे शेड पॅनलवार मारा. नाकाचा रेडोम (रडारवरचं टोपण) काही विमानांवर काळा, काहींवर रंगवलेला, तिथे मात्र तुमच्या विमानाचा फोटोच बघावा लागेल.

आपल्याकडे बहुतेक जण फँटम नाही, जग्वार आणि मिग करतात, मला कल्पना आहे. जग्वारवाल्यांना याच मालिकेत ब्रिटिश नंबरही मिळतात, सी३३० म्हणजे बीएस३८१सी या ब्रिटिश रंगप्रमाणातला ६४१ डार्क ग्रीन आणि सी३३१ म्हणजे ६३८ डार्क सी ग्रे. १९७९ मधे रॉयल एअर फोर्सकडून उसने आलेले पहिले जग्वार करायचे असतील तर तेच दोन घ्या. नंतर बंगळुरूला एचएएलमधे बनलेल्या जग्वारना हे नंबर डोळे झाकून लावू नका, तिथे फोटो बघूनच ठरवावं लागतं.

माझ्याकडे या चारही बाटल्यांमधे निम्म्याहून जास्त रंग उरलाय. झाकणाच्या आट्या थिनरने पुसून, वर थोडा थिनर घालून, बाटल्या उभ्या ठेवल्यात. लॅकर घट्ट झाला तरी थिनरने परत सैल होतो, त्यामुळे एफ-४डी साठी हेच वापरणार, फक्त ३११ ची अजून एक बाटली घेईन, कारण त्या विमानाला पोटाखाली इंधनाच्या टाक्या लावायच्यात आणि त्यांचीही खालची बाजू त्याच रंगात.